कोपऱ्यातलं पेन्सिलीचं नाव

५ मार्च, गुरुवार

आधी दुरुस्ती. मंगळवारी मी या वहीत लिहिलं की वाचनालयातल्या तेवीस रहस्यकथांमध्ये कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं आहे. तेवीस नाहीत, बावीस आहेत. तेविसाव्यातलं नाव आज पुन्हा पाहिलं, तर त्याच्यापुढे ‘सकाळी नऊ, वायसर आणणार’ असंही होतं. म्हणजे तो नळवाला. खात्रीसाठी मी ती कादंबरी शेवटपर्यंत चाळली. त्या नावाचा माणूस तिच्यात कुठेच नाही, आणि गळका नळही नाही.

ही वही दुसरं कुणी वाचत नाही. तरी चुकलेला आकडा तसाच राहिला तर मला जेवण जात नाही.

बावीस खुणा अगदी एकसारख्या आहेत. ज्या पानावर पहिलं प्रेत सापडतं, त्या पानाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात नाव आणि नावाभोवती चौकट. शेरा नाही, सही नाही. आमच्या वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत आणि रहस्यकथांशिवाय दुसरं काही वाचत नाहीत. परवा त्यांनी देवघेवीच्या टेबलावर पुस्तक आपटलं.

“पान एकेचाळीस! अजून प्रेत गार पडलं नाही, आणि हा म्हणतो माळी!”

“सर, हळू,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “मागे तिघं जण याच पुस्तकासाठी उभे आहेत.”

तिघांनीही आपापल्या चिठ्ठ्या मुकाट्याने खिशात घातल्या.

७ मार्च, शनिवार

नावं लिहिणाऱ्याला शोधायचं काम माझ्याकडे आलं, ते माझ्या फळ्यामुळेच. जानेवारीत मी इथे तीन महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आले. दुपारी गर्दी नसते, म्हणून संगणकातल्या नोंदींवरून एक-एक गंमत मोजून दर आठवड्याला दाराजवळच्या फळ्यावर लावायला लागले. ‘मोजून पाहिलं’ असं नाव दिलं. लाल मुखपृष्ठाची पुस्तकं जास्त जातात का? (नाही. हिरवी.) परत आलेल्या पुस्तकांत खूण म्हणून काय सापडतं? (बसची तिकिटं ६१, केसांच्या पिना ९, चपटा झालेला बिस्किटाचा तुकडा १.) आता लोक पुस्तक बदलायच्या आधी फळ्यापाशी थांबतात, भांडतात, आणि “हे मोजा की हो” म्हणून चिठ्ठ्या टाकून जातात. एकीने विचारलंय, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूबाई दिवसातून किती वेळा दारामागे उभ्या राहून ऐकतात. ते मोजायचं काम बाबांनी आनंदाने अंगावर घेतलंय.

मागच्या आठवड्यात मी आमच्या सगळ्या २१४ रहस्यकथांतले खुनी व्यवसायवार मांडले. डॉक्टर एकतीस निघाले. अध्यक्ष चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. “डॉक्टर म्हणजे कुठले डॉक्टर?” मी पुन्हा वर्गवारी केली. दातांचा एकही नव्हता. त्यांचा चेहरा खुलला, मग थोडा पडला. “एकसुद्धा नाही?”

आज तेच म्हणाले, “तुम्ही एवढं सगळं मोजता ना? मग हा नावं लिहिणारा कोण ते काढा. सभासदत्व रद्द करू.” आणि जाताना, “अठ्ठावीस तारखेच्या सभेत तुमच्या नेमणुकीचाही विषय आहे,” असं सहज म्हणाले. सहज म्हणाले असं मला वाटतं. खात्री नाही.

घरी सांगितलं. आत्या शेंगा सोलत होती.

“एवढं काय बिघडलं त्यात?” ती म्हणाली. “नाव कळलं म्हणून पुस्तक संपतं होय?”

“आत्या, रहस्यकथा आहे ती!”

“मग? आता तो कसा लपवतो ते निवांत बघायचं. उगाच जीव टांगणीला लावून कशाला वाचायचं?”

आत्याला या प्रकारातलं मर्म कळत नाही. आठवड्याला मी तिला दोन-तीन रहस्यकथा आणून देते, त्या ती वाचते, पण ती वाचते तेव्हा तिच्या कपाळावर आठीसुद्धा नसते. त्या २१४ पुस्तकांत सगळ्यात जास्त खून पुतण्या-भाच्यांनी केलेत, सत्तेचाळीस, हेही मी सांगितलं. ती बाबांना म्हणाली, “तरी म्हटलं, आजकाल ही मला स्वतःहून चहा करून का देते.”

१० मार्च, मंगळवार

निघालं. क्रमाने लिहिते.

बावीसही पुस्तकांच्या एक जानेवारीपासूनच्या नोंदी एका तक्त्यात घेतल्या. फिल्टर लावून कर्मचाऱ्यांची कार्डं वगळली, कारण आम्ही पुस्तकं चिकटवायला, कव्हर घालायला नेतो. ते वाचन नव्हे. बाकी राहिले अठ्ठावीस सभासद. त्यांतल्या सत्तावीस जणांनी या बावीसपैकी एक ते सहा पुस्तकं नेली आहेत. अठ्ठाविसाव्याने बावीसच्या बावीस.

मी तक्ता बंद केला, पुन्हा पहिल्यापासून केला. बावीस.

तो माणूस म्हणजे टपाल कार्यालयासमोर घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले गृहस्थ. साठीचे असतील. पुस्तक हातात दिलं की आधी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवतात, शिवण सुटलीय का बघतात. रोज दुपारी जेवायच्या सुट्टीत येतात, आधी परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीपाशी जातात, एक-एक उघडून बघतात, मग एखादं घेतात. इतके दिवस मला ते चोखंदळ वाटायचे.

नाव द्यावं की नाही? आकडा माझा नाही, नोंदींचा आहे, असं मनाला सांगितलं. आमच्या घरात ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द मोजल्याशिवाय वापरायला बंदी आहे. बाबा पुलांच्या मोजणीवर होते, दर वर्षी नवा तंबू, नवी नदी, शाळा नव्हतीच. दहा वर्षांची होईपर्यंत मला घरीच शिकवलं, बाबांनी मोजायला आणि आत्याने बाकी सगळं. मोजलेलं लपवायचं नाही हेही त्यातच आलं. तरी ग्रंथपालबाईंच्या हातात कागद घडी घालून दिला.

१२ मार्च, गुरुवार

घड्याळवाल्यांना बोलावलं होतं. अध्यक्ष, ग्रंथपालबाई आणि मी. बावीस पुस्तकं टेबलावर मांडली होती.

“बावीसच्या बावीस?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“वा.” खरंच तसं म्हणाले. मग त्यांनी एक-एक पुस्तक उघडून कोपऱ्यातलं नाव पाहिलं. खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं. एकाही पुस्तकाची घाई केली नाही. मला वाटलं, चिडतील. ते तर हरवलेलं काही सापडल्यासारखे बघत होते.

“तुमचं काही म्हणणं?” अध्यक्षांनी विचारलं.

ते माझ्याकडे वळले. “तुमची नेमणूक इथे जानेवारीपासून ना?”

“हो. अजून कायम व्हायची आहे.”

“असं,” ते म्हणाले, आणि खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. “माझं काही म्हणणं नाही. फक्त या खुणा खोडू नका. कागद पातळ आहे, फाटेल.”

कागदाची एवढी काळजी असलेला माणूस त्यावर लिहितो कसा, हे मला कळत नाही. कार्ड एका वर्षासाठी जप्त झालं.

१३ मार्च, शुक्रवार

काल जेवताना सगळं सांगितलं. आत्या भाजी वाढत होती ती माझ्या ताटात वाढतच राहिली.

“घड्याळवाले? टपालासमोरचे?” तिने विचारलं. “त्यांनी बावीसच्या बावीस वाचली?”

“वाचली काय आत्या, खराब केली!”

“आणि ते काही बोलले नाहीत?”

“नाही. म्हणजे कबूलच की.”

आत्या स्वयंपाकघरात गेली. गॅसवर दूध होतं आणि ती समोर उभी होती, तरी ते उतू गेलं. बाबा माझ्याकडे बघत पाणी प्यायले.

१७ मार्च, मंगळवार

बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ शनिवारी सकाळी बंद पडलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. आत्या लगेच म्हणाली, “मी नेते दुरुस्तीला.” सोमवारी पुन्हा बंद. आज पुन्हा. तीनदा ती स्वतःच घेऊन गेली. कोपऱ्यावर दुसरं दुकान आहे, पण ती म्हणते तिथल्या माणसाचा हात जड आहे.

मला बरं वाटत नाही. ज्या माणसाला मी पकडलं त्याच्याचकडे आमच्या घरातून दर दोन दिवसांनी घड्याळ जातं. ते काय म्हणत असतील? आत्याला विचारलं तर म्हणाली, “काही म्हणत नाहीत. गप्पिष्ट आहेत तसे.” ही दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत, हे मी तिला दाखवून दिलं.

मी तक्ता केला: बंद पडल्याची वेळ, हवामान, सेल कधी बदलला. तिन्ही वेळा साधारण साडेदहाला, म्हणजे मी वाचनालयात गेल्यावर अर्ध्या तासाने. दुरुस्तीला दोन ते अडीच तास. आज दुपारी जेवायला घरी आले तेव्हा आत्या परतत होती; पिशवीने तिचा खांदा ओढला जात होता, म्हणून तीही तोलून पाहिली. घड्याळ एक किलो दोनशे, पिशवी एक किलो नऊशे. तो फरक कसला ते कळलं नाही; आत्या म्हणाली, गुंडाळायला जुना टॉवेल घेते. टॉवेल चांगलाच जाड असला पाहिजे.

बाबांना तक्ता दाखवला. त्यांनी आज आत्या ठेवणीतले कपडे घालून गेली तेही टिपलं का विचारलं. मी म्हटलं, त्याचा घड्याळाशी काय संबंध? “तुझ्या तक्त्यात एक रकाना कमी आहे, आकडेबाई,” म्हणाले, आणि कुठला ते सांगेनात. मालिकेच्या सासूबाई आल्या म्हणून टीव्हीकडे वळले. आज नऊ वेळा.

मी सुचवलं की नवीन घड्याळ घेऊ या. दोघंही इतक्या जोरात “नको” म्हणाले की मी दचकले.

१९ मार्च, गुरुवार

फार वाईट झालं आहे. किंवा चांगलं. माझ्यासाठी वाईट.

मंगळवारी नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यातली एक रहस्यकथा मी कव्हर घालायला घरी नेली. ती अजून कुणालाही दिलेली नाही. आज टेबलावर शिक्का मारायला उघडली. पान अडतीस, प्रेत विहिरीत. खाली उजव्या कोपऱ्यात, चौकटीत: ‘वकील’.

घड्याळवाल्यांचं कार्ड गेला आठवडाभर अध्यक्षांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

म्हणजे ते नव्हते. मी एका निरपराध माणसाचं कार्ड घालवलं, तेही तक्ता करून, ठळक अक्षरात. आणि ते पुस्तक गठ्ठ्यातून निघाल्यापासून फक्त माझ्याच हातात होतं.

मी झोपेत लिहिते का? लहानपणी मी झोपेत पाढे म्हणायचे, असं बाबा सांगतात. घरातल्या सगळ्या पेन्सिली शोधल्या, सात निघाल्या. साती टोकं मोडून ठेवली. उद्या आणखी एक नवं पुस्तक घरी नेणार आहे. त्यात खूण झाली आणि एखादी पेन्सिल तासलेली निघाली, तर पुढे काय करायचं ते तेव्हा बघू.

२१ मार्च, शनिवार

सकाळी सात वाजता पाणी प्यायला गेले. आत्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती. समोर माझं नवं पुस्तक, बाजूला चहा आणि सुरी, हातात सुरीने तासलेली पेन्सिल. जिभेचं टोक दातांत धरून कोपऱ्यात चौकट काढत होती. लपवलं नाही काही. “उठलीस?” म्हणाली. “अगं, सगळ्या पेन्सिलींना झालंय काय? मेलं एकीला टोक नाही.”

मी खुर्चीत बसले.

“आत्या. तू?”

“मी काय?”

“बावीसही पुस्तकांत?”

“तू आणून दिलीस तेवढ्यात. किती होती ते तू मोजलीस ना.”

“पण तू पुस्तकाचं पान कधी दुमडत नाहीस!”

“मोजलंस का?” ती म्हणाली. आणि मग, “दुमडत नाहीच. पण हे वेगळं. तुला नाही का मी असं लिहून द्यायचे?”

मला आठवलं. सहा वर्षांची असताना बाबांनी गणित घातलं की मी रडायचे. उत्तर चुकेल या भीतीने पहिली पायरीच लिहायचे नाही. तेव्हा आत्याने पाटी बाजूला ठेवली, वही घेतली, आणि प्रत्येक गणिताच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात उत्तर लिहून द्यायला लागली. चौकटीत. “हे तिथे आहे. पळून जाणार नाही. आता तिथपर्यंत कसं पोचायचं ते बघ.” मी चार वर्षं त्या चौकटींवर शिकले. त्याच चौकटी बावीस पुस्तकांत पाहिल्या, मोजल्या, त्यांचा तक्ता केला, आणि मला ओळखू आल्या नाहीत.

“घाबरट काय एकटी तूच आहेस?” आत्या म्हणाली. “पहिलं प्रेत आलं की पुस्तक मिटून ठेवणारी कितीतरी असतील. त्यांच्यासाठी.”

“मग विचारलं का नाहीस मला? सांगितलं का नाहीस, की मी—”

“तू विचारलंस का मला? सगळ्या सभासदांना चाळणी लावलीस. घरात नाही विचारलंस.”

तेव्हा मला फिल्टर आठवला. कर्मचाऱ्यांची कार्डं वगळली होती. आत्याची सगळी पुस्तकं माझ्या कार्डावर येतात. मी स्वतःलाच वगळून मोजलं होतं.

“आणि त्यांचं कार्ड गेलं तेव्हा?” माझा आवाज चढला. “तेव्हा तरी बोलायचंस!”

“बोलले,” आत्या म्हणाली. ती बशीत चहा ओतत होती, ओतून झालेला चहा पुन्हा कपात ओतला. “दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन त्यांना सांगितलं, मीच ती, चला, आत्ता अध्यक्षांकडे जाऊ. म्हणाले, नको. मुलीची नोकरी नवी आहे, अठ्ठावीस तारखेला कायम व्हायची आहे. तोवर थांबू. माझ्याकडून वचन घेतलं त्यांनी.”

म्हणजे ते आरोप ऐकत असताना माझाच विचार करत होते; खुणा जानेवारीपासूनच्या, मीही जानेवारीपासूनची, म्हणून तर त्यांनी नेमणुकीचं विचारलं. मी त्यांच्या गप्प बसण्याला ‘म्हणजे कबूलच’ असं या वहीत लिहिलं आहे. तेरा तारखेच्या नोंदीत. खोडत नाही, तसंच राहू दे.

२४ मार्च, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत त्यांच्या दुकानात गेले. वाक्य पाठ करून गेले होते, ते दारातच विसरले.

“काका, माझी चूक झाली.”

“किती सेकंदांची?” त्यांनी भिंगातूनच विचारलं. मग वर पाहिलं. “अरे, तुम्ही होय. बसा, बसा.”

बसायला एकच स्टूल आहे, त्यावर नवी उशी होती. मी सगळं सांगितलं, वगळलेल्या कार्डांसकट. ते मन लावून ऐकत होते.

“पण तक्ता तसा चुकीचा नव्हता हं,” ते म्हणाले. “बावीसच्या बावीस मी वाचली ते खरंच. पहिली खूण दिसली जानेवारीत. म्हटलं, कोण बरं हे? दुसरं सापडलं. मग रोज ती परत आलेल्या पुस्तकांची गाडी तपासायला लागलो. चौकटवालं असेल तेच घ्यायचं. चाळीस वर्षं एकट्याने वाचतोय मी. पहिल्यांदाच वाटलं, पुढच्या खुर्चीत कुणीतरी आधीच वाचून बसलंय.”

“पण तुम्ही एकही अक्षर लिहिलं नाहीत, आणि तरी—”

त्यांनी भिंग पुसलं. “लिहिलं. एकदा.”

“कुठे?”

“एका पुस्तकात नाव चुकलं होतं. त्या म्हणत होत्या सावत्र भाऊ, पण तो नाही, त्याचा नोकर. मी शेवटच्या कोऱ्या पानावर बारीक लिहिलं, ‘पान २११ पुन्हा पाहावे.’ आठवड्याने गाडीवर ते पुस्तक परत दिसलं. पान २११ उघडलं. कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘पाहिले. मान्य. पण नोकर फार आवडला होता मला.’”

सांगताना त्यांचे कान लाल झाले. भित्रा असेल स्वभाव. मी नोंद करून घेतली: आत्याची नावं बावीस, आत्याचं उत्तर एक, घड्याळवाल्यांचा शेरा एक.

टेबलावर, घड्याळांच्या पट्ट्यांमध्ये, आमच्या वाचनालयाची दोन पुस्तकं होती. मी क्रमांक वाचले. माझ्या कार्डावरची. कार्ड जप्त असलेल्या सभासदाकडे कर्मचाऱ्याच्या कार्डावरची पुस्तकं असणं हा नियमभंग आहे, नियम चौदा. तेही लिहावं लागणार. टॉवेलबद्दल आत्याने मला खोटं सांगितलं, हे मात्र मी फक्त इथेच लिहिते.

निघताना त्यांनी विचारलं, “आत्याबाई आज आल्या नाहीत?”

“घड्याळ चालू आहे,” मी आनंदाने सांगितलं. “रविवारपासून एकदाही बंद पडलं नाही. तुमचा हात खरंच चांगला आहे.”

“चालू आहे?” ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. मला वाटतं, त्यांना त्यांच्याच दुरुस्तीची खात्री नसावी.

“हे बघा,” त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं, “अठ्ठावीसला सभा होऊ दे. तुमचा सही-शिक्का झाला, की मग सांगा हवं तर. माझं काही अडत नाही. पुस्तकं येतायत.”

घरी येऊन आत्याला हे सगळं सांगितलं. ‘चालू आहे’ ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला म्हटल्यावर ती बराच वेळ हसली, मग बैठकीत गेली. आता घड्याळ बंद आहे.

२५ मार्च, बुधवार

आज दोन गोष्टी मोजल्या.

पहिली. खुणांमुळे लोक पुस्तकं टाळतात का? खुणा असलेली बावीस पुस्तकं मागच्या वर्षी याच दहा आठवड्यांत ४१ वेळा गेली होती. यंदा ९८ वेळा. पण त्यात आत्या २३ (नोकराचं पुस्तक तिने पुन्हा मागवलं होतं) आणि घड्याळवाले २२, ते वगळले. (या वेळी कुणाला वगळलं ते आधी कागदावर लिहिलं, मग वगळलं. मागच्या वर्षातूनही घड्याळवाल्यांना वगळलं आहे.) राहतात ५३. बाकीच्या १९२ रहस्यकथा त्याच काळात ३८० वेळा गेल्या होत्या, यंदा ३७१. म्हणजे खुणांची पुस्तकं थोडी का होईना जास्तच गेली. आत्या पुस्तकं निवडून आणवते, म्हणून ती मुळातच चांगली असतील, अशी शंका आहे. तीही लिहीन.

दुसरी. टेबलावर आलेल्या तीस जणांना विचारलं: कोपऱ्यात नाव असलेलं हवं की नसलेलं? सतरा म्हणाले असलेलं. नऊ नसलेलं. चौघांनी खांदे उडवले. एक आजी म्हणाल्या, “मला नाव कळलं की मी त्याच्यावरच डोळा ठेवून बसते. काय सुंदर खोटं बोलतो मेला!” त्यांच्या मागच्या गृहस्थांनी तेच पुस्तक मागितलं. एवढ्या हसऱ्या चेहऱ्यांची नोंद मी आजवर एका दुपारी घेतलेली नाही. मोजलं नाही, पण लिहिते.

मग ग्रंथपालबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची मागे ढकलली. “अगं बाई! म्हणजे आपल्याच टेबलावरून?” पोट धरून हसल्या. मग गंभीर झाल्या. “अध्यक्षांना रविवारी सांगू. शनिवारी तुझा ठराव होऊन जाऊ दे. चार दिवसांनी काय जग बुडतंय?”

बाबाही तेच म्हणाले. “आकडेबाई, पूल बांधून होईस्तोवर खांबाला हात लावू नये.” घड्याळवाल्यांनी तर आधीच सांगितलं आहे. तिघं एका बाजूला, एकटी आत्या दुसऱ्या. तिने मला कोरा कागद आणून दिला.

मला भीती वाटते. अध्यक्ष चिडतील. ज्या मुलीने एका सभासदावर खोटा ठपका ठेवला, जिच्या घरातून बावीस पुस्तकं रंगली, जिच्या कार्डावर नियम चौदा मोडला, तिला कोण कायम करेल? मी या सगळ्याची यादी केली आणि ती दोनदा वाचली. ही नोकरी मला हवी आहे. ते दार, तो फळा, ‘हे मोजा की हो’ म्हणणारी माणसं, मला फार हवी आहेत.

पण शनिवारी ते माझ्याबद्दल ठरवणार, ते माझ्या कामावरून. त्या कामातला हा तक्ता चुकीचा आहे आणि ते मला माहीत असून मी गप्प बसले, तर ज्या मुलीला ते कायम करतील ती मी नसेनच. आणि घड्याळवाल्यांचं कार्ड आणखी चार दिवस ड्रॉवरमध्ये राहील. ते म्हणतात अडत नाही. पण रोज दुपारी एक ते दोनमध्ये ती गाडी मी बघते, तिच्यापाशी आता कुणी थांबत नाही.

फळ्यासाठीचा कागद लिहून झाला. शीर्षक: ‘मोजून पाहिलं: मोजणारीची चूक’. त्याखाली आधी घड्याळवाल्यांची माफी, स्पष्ट. मग कुणाला वगळलं आणि का. मग बावीस, एक आणि एक. मग ४१ आणि ५३, शंकेसकट. शेवटी सतरा, नऊ, चार, आणि समितीला एक विनंती: रहस्यकथांची दोन कपाटं करावीत, एक चौकटीचं, एक बिनचौकटीचं, आणि ज्याने त्याने आपल्या जिवाला झेपेल ते उघडावं. आत्याने वाचलं. एका ठिकाणी अनुस्वार दिला. “मीही येते,” म्हणाली, “सही दोघींची हवी.”

अध्यक्ष उद्या दिवसभर दवाखान्यात असतात. दाढ काढत असलेल्या माणसाला हे सांगणं बरोबर नाही. परवा ते पुस्तक बदलायला येतात, दार उघडल्या उघडल्या. आधी कागद त्यांच्या हातात देणार, मग फळ्यावर लावणार, मग कार्ड मागणार आणि टपालासमोर नेऊन देणार. सभेच्या एक दिवस आधी, सभेनंतर नाही.

शुक्रवार, २७ मार्च, सकाळी दहा वाजता.